न पाडलेली तीन विमानं

हा लेख छापायला देण्यापूर्वी मला दोन ठिकाणची परवानगी घ्यावी लागली. पहिली माझ्या जुन्या खात्याची. देशाचं नाव काढा, बेटाचं नाव काढा, यंत्रांची आणि माणसांची नावं काढा, असं त्यांनी कळवलं. मी सगळं काढलं. उरलं ते छापायला त्यांची हरकत नाही. दुसरी परवानगी तात्यांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ती मिळायला खात्यापेक्षा जास्त वेळ लागला. ती कशासाठी लागली ते शेवटी सांगतो. गुपित शेवटपर्यंत दाबून धरायची सवय नोकरीतच लागली आहे, ती आता सुटायची नाही.

मी मूळचा सणसरचा. हवाई दलात रडारवर नोकरी केली, वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो आणि जळोचीला घर बांधलं. जळोचीला अशासाठी, की माझी बायको सुनंदा बारामतीत शिक्षिका होती. तात्या मात्र सणसर सोडायला तयार नाहीत. ऊस धाकटा भाऊ बघतो आणि धाकट्या भावाला तात्या बघतात. मी अधूनमधून मोटारसायकलवरून तिकडे चक्कर मारतो. गावात शिरलो की कुणीतरी हमखास हात करून थांबवतो.

"काय दत्तूभाऊ, किती इमानं पाडली म्हणायची तुमी?"

खरं उत्तर असं आहे, की एकही नाही. सबंध नोकरीत मी विमान पाडलं नाही, माझ्या डोळ्यांदेखत कुणी पाडलं नाही आणि पाडायची वेळही आली नाही. हे ऐकलं की समोरच्याचा चेहरा असा पडतो, की एखादं पाडून टाकलं असतं तर बरं झालं असतं असं वाटावं.

आमचं काम समजायला सोपं आहे. विहिरीत तोंड घालून हाक मारली की आवाज परत येतो. रडार तेच करतं, फक्त आवाजाऐवजी रेडिओच्या लहरी सोडतं. लहर कशावर तरी आपटून परत येते आणि पडद्यावर ठिपका उमटतो. तो ठिपका विमानाचा, ढगाचा की पाखरांच्या थव्याचा, हे ओळखायचं आणि वर कळवायचं. बस, एवढंच. तासन्‌तास ठिपक्यांकडे बघत बसायचं आणि काही होणार नाही याची काळजी घ्यायची. आमच्या धंद्यात जो दिवस अगदी रिकामा जातो, तो सगळ्यात चांगला दिवस. पण रिकाम्या दिवसाची गोष्ट घरी कशी सांगणार? त्यात खात्याची तोंडावर बोट ठेवायची शिस्त. आई होती तेव्हा सुट्टीत आलो की ती विचारायची, "दत्तू, तितं करतूस तरी काय रं?" मी म्हणायचो, "आई, सरकारी काम." ती मान हलवायची आणि ताटात आणखी एक भाकरी टाकायची. तिला नीट सांगितलं नाही याची रुखरुख आजही आहे.

तात्या आईसारखे नव्हते. मुलाचं काम सांगता येत नसेल तर ते स्वतः बनवून सांगायचे.

पहिलं विमान पडलं ते कारखान्याच्या वजनकाट्यावर. उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. रांगेतला एक पाहुणा पोलिसातल्या आपल्या मुलाचं कौतुक करत होता, की पोरानं दरोडेखोर कसा पकडला वगैरे. मग त्यानं तात्यांना विचारलं, तुमचा मुलगा काय करतो. आता तात्या काय सांगणार, पडद्याकडे बघत बसतो म्हणून? तात्या म्हणाले, "परवाच एक इमान पाडलं त्यानं. पेपरात येत न्हाय ते." दुसरं विमान पडलं लोणी भापकरला, आमच्या आतेभावाच्या लग्नाच्या मांडवात. तिसरं पडलं तेव्हा मी जातीनं हजर होतो. सुट्टीवर आलो होतो आणि न्हाव्याकडे दाढीला बसलो होतो. मागच्या बाकावरून तात्यांचा आवाज आला, "तिसरं तर लय खालनं आलं व्हतं. झाडांच्या शेंड्यावरनं." माझ्या तोंडाला फेस होता आणि गळ्यावर वस्तरा. त्या अवस्थेत माणूस सत्य सांगायच्या भानगडीत पडत नाही.

हे असंच चाललं असतं आणि कुणाचं काही बिघडलंही नसतं. पण गेल्या वर्षी गणपतीच्या आधी संपतराव माझ्या घरी आले.

संपतरावांचं सणसरला ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे आणि ते आमच्या आळीच्या गणेश मंडळाचे कायमचे अध्यक्ष आहेत. कायमचे अशासाठी, की दुसरा कुणी उभा राहिला की ते त्याला खजिनदार करून टाकतात. आमच्या मंडळाचा हलता देखावा पंचक्रोशीत नावाजलेला आहे. कालव्यापलीकडच्या आळीचं मंडळ त्यात दरवर्षी पुढं जायला बघतं आणि संपतरावांची झोप उडते. ते माझ्यासमोर बसले, चहाचा कप हातात घेतला आणि म्हणाले,

"यंदा ठरलंय. देखावा तुमचाच. तीन इमानं तारंवरनं सरकत येणार, खाली तुमी बटन दाबणार. धाड, धाड, धाड! तिसऱ्यातनं धूर काढायचा. पलीकडच्या आळीचं तोंड बघण्यासारखं व्हईल."

"संपतराव, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तात्यांनी. इमानांचे रंगबी त्यांनीच सांगितलं."

मी सुनंदाकडे बघितलं. ती पदर तोंडाला लावून आत निघून गेली आणि आतून भांडी उगाच वाजायला लागली.

मला हसता येईना. मी हो म्हणालो तर माझी सगळी नोकरी तीन पुठ्ठ्याच्या विमानांखाली गाडली जाणार होती. पुढच्या पिढ्या मला त्या धुरानंच ओळखणार होत्या. नाही म्हणालो तर पंच्याऐंशी ओलांडलेल्या तात्यांना गाव थापाड्या म्हणणार होतं. गावात एकदा नाव पडलं की ते माणसाच्या मागे स्मशानापर्यंत जातं. संपतराव गेल्यावर सुनंदा बाहेर येऊन म्हणाली, "इतकी वर्षं सासऱ्यांनी पाडली, आता उचलायची तुम्ही." बायको शिक्षिका असली की ही गंमत असते.

दुसऱ्या दिवशी मी संपतरावांच्या दुकानात गेलो.

"माझ्याकडे यापेक्षा भारी लढाई आहे," मी म्हटलं. "समुद्र आहे, जहाजं आहेत, बेट आहे."

संपतरावांचे डोळे चमकले. "किती पडत्यात?"

"एकही नाही."

त्यांनी पाइपाचं वेटोळं खाली ठेवलं. "मग लढाई कशाची ती?"

"ऐका तर," म्हणालो आणि त्यांच्या दुकानात, पाइपांच्या ढिगावर बसून, नावं गाळून, ती गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी नीट सांगितली.

नोकरीच्या उत्तरार्धात मला एका मित्रदेशात शिकवायला पाठवलं होतं. देश बेटाचा. नारळ, वाळू आणि मासे. समोरच्या किनाऱ्यावर त्यांचा एक मोठा शेजारी होता आणि दोघांचं फार बिनसलेलं होतं. शेजाऱ्याकडे जहाजं जास्त, विमानं जास्त, माणसं तर कितीतरी पट. सकाळी निघालेलं जहाज दुपारी बेटाला लागेल एवढाच समुद्र मध्ये. मी तिथे फक्त रडार शिकवायचो. कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही, अशी मला सक्त अट होती.

तिथे गेल्यावर मला पहिल्यांदा कळलं, की एवढुसं बेट एवढ्या मोठ्या शेजाऱ्याला थोपवून धरू शकतं. कसं ते सांगतो. जमिनीवर सैन्य झाडाझुडपांतून येतं, पाण्यात झाडच नसतं. बेटावर उतरायचं तर हजारो माणसं जहाजांत भरावी लागतात. ती जहाजं जड आणि संथ असतात, लपून येऊ शकत नाहीत. बेटाला किनारा सगळीकडून असतो, पण जहाज लागेल असा किनारा दोन-तीन ठिकाणीच. आणि डोक्यावरचं आकाश आधी आपलं करून घेतल्याशिवाय ही जहाजं बाहेर काढणं म्हणजे भरलेलं ताट कुत्र्यापुढे ठेवणं. म्हणजे बेटाला शेजाऱ्याएवढं आरमार लागतच नाही. बेटाला लागतात ते दूरवर बघणारे डोळे, गाड्यांवर बसवलेली आणि जागा बदलणारी क्षेपणास्त्रं, उथळ पाण्यात पेरलेले सुरुंग आणि थोडीशी पण कायम तयार असलेली लढाऊ विमानं. या सगळ्यानं शेजारी हरावा अशी अपेक्षा नसते. शेजाऱ्याच्या सेनापतीला रोज सकाळी उठल्यावर 'आज नको' असं वाटलं पाहिजे, एवढंच साधायचं असतं.

त्या बेटावरच्या तळाचे प्रमुख होते, त्यांना मी मनातल्या मनात रावसाहेब म्हणायचो. उंच, ताठ, बुटांत तोंड दिसेल असे. माणूस शूर होता, पण नीटनेटकेपणाचं भारी वेड. आमच्याकडे बातम्या आणायला एक म्हातारा कोळी यायचा. त्याला दर आठवड्याला पाणबुडी दिसायची आणि ती बहुतेक वेळा देवमासा निघायची. रावसाहेब त्याच्यावर वैतागायचे, कारण तो ओल्या पायांनी कचेरीत यायचा. मी म्हणायचो, येऊ द्या त्याला. समुद्राकडे एवढं टक लावून बघणारा माणूस पगार देऊनही मिळत नाही.

क्षेपणास्त्रांच्या खऱ्या गाड्या मोजक्याच होत्या, म्हणून रावसाहेबांनी खोट्या बनवून घेतल्या होत्या. लाकडाचा सांगाडा, ताडपत्री, वर पाइप. लांबून हुबेहूब. पण या गाड्या त्यांनी किनाऱ्यावर सरळ रांगेत उभ्या केल्या होत्या, प्रजासत्ताक दिनाला शाळेची पोरं उभी करतात तशा. शिवाय रोज सकाळी त्या पुसल्या जायच्या.

शेजाऱ्याचं एक टेहळणी विमान रोज सकाळी यायचं, समुद्रावर एक गिरकी मारायचं आणि परत जायचं. माझ्या हाताखाली एक तरुण मुलगी पडद्यावर बसायची, नजरेची फार पक्की. तिचं खरं नाव काढलंय, इथे सेलिना म्हणतो. एके दिवशी ती म्हणाली, "सर, हे रोज थोडं थोडं जवळ येतंय." मी आधीच्या दिवसांच्या खुणा लावून बघितल्या. तिचं म्हणणं खरं होतं. आधी ते लांबूनच वळायचं, आता निवांत येत होतं. त्याची भीड चेपली होती.

आणि मला एकदम लोणी भापकर आठवलं.

तात्यांचं लहानपण तिथे आजोळी गेलं. जिरायती पट्टा, सगळी ज्वारी. कणसात दाणा भरला की पाखरांचे थवे उतरायचे आणि तात्या माळ्यावर, म्हणजे चार लाकडांवर बांधलेल्या मचाणावर, गोफण घेऊन राखणीला बसायचे. माझ्या लहानपणी सुट्टीत ते मला तिथे न्यायचे आणि तेच शिकवायचे. शेतात बुजगावणं उभं केलं की पहिल्या दिवशी पाखरं लांब राहतात. दुसऱ्या दिवशी बांधावर बसतात. आणि आठवडा गेला की त्याच्याच डोक्यावर बसून दाणे खातात. म्हणून तात्या ते बुजगावणं रोज उपटून दुसरीकडे रोवायचे. कधी त्याच्या अंगावर स्वतःची बंडी चढवायचे, कधी स्वतःच त्याच्या जागी हात पसरून उभे राहायचे आणि पाखरं आली की ओरडायचे. "कोन हालतंय आन् कोन न्हाय, ह्ये पाखराला उमगता कामा नये," असं ते सांगायचे.

मी रावसाहेबांना म्हटलं, "सर, तुमची बुजगावणी हलवायला हवीत."

त्यांना बुजगावणं म्हणजे काय ते समजावायला बराच वेळ गेला. समजल्यावर त्यांचा चेहरा उतरला, कारण त्यांची रांग मोडणार होती. पण माणूस मोठ्या मनाचा. त्याच संध्याकाळी रांग मोडली. खोट्या गाड्या नारळीच्या बनांत इकडे तिकडे गेल्या, पुसणं बंद झालं, त्यांच्यात एक-दोन खऱ्या मिसळल्या. दर दिवशी जागा बदलायची. कधी एखाद्या बनातून रडारची लहर मिनिटभर सोडायची आणि बंद करायची, म्हणजे विमानातल्या माणसाला कळावं, की आपल्याकडे कुणीतरी बघतंय, पण कुठून ते कळू नये. काही दिवसांतच सेलिना हसत हसत म्हणाली, "सर, पाखरू लांबून वळलं."

मग ती सकाळ आली. आदल्या काही दिवसांपासून शेजाऱ्याच्या बंदरात जहाजं भरत असल्याच्या बातम्या येत होत्या. उजाडायच्या सुमाराला पडद्यावर ठिपके उमटायला लागले. एक, मग दोन, मग एका ओळीत कितीतरी. संथ, जड ठिपके. त्यांच्या डोक्यावर वेगानं फिरणारे बारीक ठिपके. माझी तर पाचावर धारण बसली, खोटं कशाला सांगू. सेलिनाचे आईवडील त्याच किनाऱ्यावर राहत होते, जिथे ही जहाजं लागली असती. तिचा आवाज मात्र हलला नाही. ती आकडे सांगत राहिली.

एका तरुण अधिकाऱ्यानं विचारलं, "सर, क्षेपणास्त्र सोडायचं?" रावसाहेब म्हणाले, "नाही. आधी त्यांना दिसू दे." त्यांनी एकामागून एक हुकूम सोडले. उथळ पाण्यात सुरुंग आहेत, जहाजांनी लांब राहावं, अशी सूचना रेडिओवरून साऱ्या जगाला ऐकू जाईल अशी दिली. लढाऊ विमानं उडाली आणि आपल्याच हद्दीच्या कडेनं, हद्द न ओलांडता, फेऱ्या मारायला लागली. आणि किनाऱ्यावरच्या बनाबनातून रडार जागी झाली. खरी जागी झाली, नुसती लहर सोडणारी खोटीही झाली. त्या क्षणी त्या जहाजांवरच्या यंत्रांना असं वाटलं असणार, की सबंध बेटाला डोळे फुटलेत.

ठिपके येत राहिले. मग त्यांचा वेग कमी झाला. मग ते थांबले. ते थांबलेले ठिपके मी जन्मात विसरणार नाही. पलीकडे कुणीतरी माझ्यासारखाच माणूस आमच्याकडे बघत असणार आणि त्याचा साहेब विचार करत असणार. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग सेलिना म्हणाली, "वळले." एवढंच. रावसाहेबांनी टोपी काढली आणि ते सरळ जमिनीवर बसले, एवढ्या कडक इस्त्रीत. कुणीतरी नारळाचं दूध घातलेला चहा आणला. तो चहा एरवी मला अजिबात आवडायचा नाही. त्या दिवशी मी दोन कप प्यायलो आणि मला रडू आलं.

संध्याकाळी घरी फोन केला. तात्यांनी उचलला.

"आज काय केलंस?"

"काही नाही, तात्या. आज काहीच झालं नाही."

"मंग रजा टाकून ये की. उसाला तोड आलीया."

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस हा असा वडिलांच्या कानावर गेला.

संपतरावांनी गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. डोकं खाजवलं. मग म्हणाले, "जहाजं थांबत्यात तितं अंगावर काटा येतो बघा. पर धाड कुठंच न्हाय?"

"कुठंच नाही."

"करू. पलीकडच्या आळीकडं समुद्र तरी न्हाय."

मग दुकानाच्या मागं बेट उभं राहायला लागलं. शेततळ्याला घालतात तो काळा कागद अंथरून समुद्र केला. पाण्याखालून साखळी फिरवायची, तिच्यावर पत्र्याची जहाजं. रडार म्हणून डिशची छत्री, कूलरच्या मोटारीवर फिरणारी. मी रोज जाऊन सूचना द्यायचो आणि रोज कुणीतरी त्या मोडायचा. एके दिवशी बघतो तर बेटावर नारळाऐवजी ऊस लावलेला, चांगला पुरुषभर.

"संपतराव, बेटावर ऊस?"

"हितं नारळ कुठनं आणू? ऊस लय हाय. आन् लपायला उसाएवढी जागा दुसरी हाय का, सांगा."

रावसाहेब असते तर त्यांनाही हे मान्य करावं लागलं असतं. मी ऊस राहू दिला.

आता राहिले तात्या. तीन विमानांचा देखावा गेला हे त्यांना कळलं होतं आणि ते माझ्याशी मोजकंच बोलत होते. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्याजवळ अंगणात जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. बेट, ठिपके, रावसाहेब, सेलिना. बुजगावण्यापाशी आलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली.

"रोज हलवायचं असतं ह्ये त्यांना ठावं नव्हतं?"

"नव्हतं."

"मंग त्यातलं कुनी राखणीला गेलं नसंल कदी." हळूच म्हणाले, "आन् माझं नाव सांगितलंस का तितं?"

"सांगितलं. माझे वडील असं करायचे म्हणून सांगितलं."

तात्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "उद्या लोक तीन इमानांचं इचारतील."

"विचारू देत. तात्या, मी खोटं बोलणार नाही. पण तुम्हाला उघडंही पाडणार नाही. कसं ते मला अजून सुचलेलं नाही."

"तुज्यानं न्हाय व्हायाचं," म्हणाले आणि उठून घराच्या माळ्यावर काहीतरी शोधायला गेले. काय ते मला सांगितलं नाही.

उद्घाटनाला गर्दी लोटली. पलीकडची आळीही सगळी आली होती. प्रमुख पाहुणे म्हणून बारामतीचे एक डॉक्टर. दिवे मंद झाले, काळ्या पाण्यातून जहाजं सरकायला लागली, उसात छत्री फिरली, एकेक लाल दिवा लागला. जहाजं थांबली. लोक श्वास धरून बसले. मग साखळी उलटी फिरली आणि जहाजं मागे गेली. दिवे लागले.

मग पलीकडच्या आळीतून एकानं विचारलं, "संपलं?"

लोक हसले. संपतराव माझ्याकडे बघायला लागले. तोच गडी पुन्हा ओरडला, "ओ दत्तूभाऊ, तात्या तर म्हणत व्हते तीन इमानं पाडली. ती कुठं हायत?"

सगळ्या माना तात्यांकडे वळल्या. मी माईककडे निघालो, काय बोलणार ते ठाऊक नसताना. पण तात्या आधीच खुर्चीतून उठले होते. त्यांनी माईक हातात घेतला नाही, त्यांना त्याची गरज कधी पडली नाही.

"तीन न्हाय पाडली," तात्या म्हणाले. "एकबी न्हाय."

"म्हंजे थाप व्हय तात्या?"

"व्हय, थाप. पोराला सांगायची बंदी, आन् तुमी इचारल्याबिगर ऱ्हात न्हाय. मला ठावं नव्हतं, म्हनून पाडली. काल त्यानं सांगितलं, तवा कळलं. आता कळलंय ते दावतो."

त्यांनी कोपरीच्या खालून गोफण काढली. जुनी, लोणी भापकरची, टोकाला कडाडणारा वाखाच्या धाग्यांचा झुपका. हीच ते आदल्या दिवशी शोधत होते. त्यांनी कोपरीच्या खिशात हात घातला, बंद मूठ गोफणीच्या मधल्या जाळीत टेकवली, दोन्ही दोऱ्या आवळल्या आणि गोफण डोक्यावर गरगर फिरवली. एवढ्या वयात तो हात कसा फिरला कुणास ठाऊक. मग त्यांनी एक दोरी सोडली. बार उडाल्यासारखा आवाज झाला.

सबंध आळी खाली वाकली. संपतराव टेबलाखाली गेले. डॉक्टरसाहेबांनी फेटा दोन्ही हातांनी धरला. ज्यानं प्रश्न विचारला होता तो तर पुढच्या माणसाच्या पाठीमागे दिसेनासा झाला.

तात्या उभेच होते.

"लागलं का कुनाला?"

"न्हाय," कुठूनतरी आवाज आला.

"मंग वाकलासा कशाला?"

आधी डॉक्टर हसायला लागले आणि त्यांच्या मागोमाग सगळी आळी हसायला लागली. तो पलीकडच्या आळीचा गडी सगळ्यात जास्त हसत होता. तात्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यानं जलमभर ह्येच केलं. एक पाखरू मारलं न्हाय, आन् एक कणीस खाऊ दिलं न्हाय." टाळ्या अशा वाजल्या, की संपतरावांनी देखावा पुन्हा सुरू केला. या वेळी जहाजं वळली तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या.

तात्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. दम लागला होता. मी पाणी दिलं. ते घोटभर पाणी प्यायले, इकडे तिकडे बघितलं आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाले,

"गोफणीत खडा नव्हता. कुनाला सांगू नगंस. सरकारी काम हाय."